घसरणाऱ्यांची सोय, राहणाऱ्यांची गैरसोय

७ मे २०१२ च्या संध्याकाळी ब्लॅकबर्नच्या ईवुड पार्क मैदानावर विगनविरुद्धचा सामना चालू असताना एक जिवंत कोंबडी मैदानात शिरली. अंगाला ब्लॅकबर्न रोव्हर्सचा झेंडा गुंडाळलेला. रोख थेट पुण्याकडे होता. क्लबचे मालक पुण्याचे वेंकीज, कुक्कुटव्यवसायातलं बडं नाव. २०१० च्या नोव्हेंबरात त्यांनी हा क्लब विकत घेतला होता, आणि दीड वर्षात चाहते त्यांच्यावर इतके चिडले होते की मालकांच्या धंद्याचा जीव त्यांनी मैदानावर आणून सोडला. सामना ब्लॅकबर्न १-० ने हरला आणि १९९५ साली प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये घसरला.

घसरला, पण रिकाम्या हाताने नाही. प्रीमियर लीगमधून खाली येणाऱ्या क्लबला लीग पुढची काही वर्षं पैसे देत राहते. त्याला पॅराशूट पेमेंट म्हणतात. तेव्हाच्या नियमाने ही मुदत चार वर्षांची होती. ब्लॅकबर्नने पहिल्याच उन्हाळ्यात हडर्सफील्डकडून जॉर्डन ऱ्होड्स हा स्ट्रायकर सुमारे ८० लाख पौंडांना आणला. त्याने गोल भरपूर केले, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण त्याच मोसमात व्यवस्थापक स्टीव्ह कीन गेले, हेनिंग बर्ग आले आणि ५७ दिवसांत गेले, मायकेल ॲपल्टन आले आणि ६७ दिवसांत गेले. २०१४ च्या डिसेंबरात तोटा मर्यादेपलीकडे गेल्यामुळे खेळाडू खरेदीवर बंदी आली. २०१६ च्या फेब्रुवारीत ऱ्होड्स विकला गेला, त्याच उन्हाळ्यात पॅराशूटची मुदत संपली, आणि त्या पैशांविना पहिल्याच मोसमात क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. तारीख पुन्हा ७ मे, साल २०१७. शेवटचा सामना ब्रेंटफर्डच्या मैदानावर ३-१ ने जिंकूनही गुण नॉटिंगहॅम फॉरेस्टइतकेच, ५१ झाले आणि गोलफरकाने घात केला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ही पहिलीच वेळ.

ही गोष्ट पॅराशूटच्या बाजूचेही सांगतात आणि विरोधकही. बाजूचे म्हणतात, पैसे असूनही क्लब बुडू शकतो, मग या पैशांनी स्पर्धा विकत घेता येते असं कसं म्हणता? विरोधक म्हणतात, चार वर्षं असा भोंगळ कारभार करूनही ब्लॅकबर्न चॅम्पियनशिपमध्ये टिकून राहिला, याच श्रेणीतल्या दुसऱ्या कुठल्या क्लबला ही चैन परवडली असती? मला दुसरं म्हणणं अधिक पटतं, पण ते का, हे सांगण्याआधी नियम नीट पाहायला हवा.

प्रीमियर लीगच्या टीव्ही उत्पन्नाचा मोठा भाग वीसही क्लबांत समान वाटला जातो. घसरलेल्या क्लबला या समान वाट्याचे पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के मिळतात. वर जाऊन एकाच मोसमात परत आलेल्या क्लबला तिसरा हप्ता मिळत नाही. मधेच बढती मिळाली तर हप्ते थांबतात. हा साचा २०१६-१७ पासूनचा आहे. अलीकडच्या आकड्यांत बोलायचं तर पहिला हप्ता साधारण साडेचार कोटी पौंडांच्या घरात जातो. आणि जे क्लब कधी वर गेलेच नाहीत, किंवा ज्यांची मुदत संपली आहे, त्यांना काय मिळतं? त्यांच्यासाठी सॉलिडॅरिटी पेमेंट नावाची रक्कम आहे, चॅम्पियनशिपमधल्या क्लबला वर्षाला ५० लाख पौंडांच्या आसपास. म्हणजे एकाच तक्त्यात, एकाच नियमावलीखाली खेळणाऱ्या दोन क्लबांत लीगकडून येणाऱ्या या पैशाचं प्रमाण नवास एक असं पडतं.

आता निकाल पाहू. २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच मोसमांत चॅम्पियनशिपमधून पंधरा क्लब वर गेले. २०२१ मध्ये नॉरिच, वॉटफर्ड आणि ब्रेंटफर्ड. २०२२ मध्ये फुलम, बोर्नमथ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट. २०२३ मध्ये बर्नली, शेफील्ड युनायटेड आणि लूटन. २०२४ मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन. २०२५ मध्ये लीड्स, बर्नली आणि संडरलंड. यातले दहा पॅराशूटवाले. आणि गंमत अशी की दरवर्षी तिघांतले नेमके दोनच.

याहून बोलकी गोष्ट मात्र बढतीच्या वाटेत आहे. या मोसमांत चॅम्पियनशिपमधले पहिले दोन क्लब थेट वर जात आणि पुढचे चार प्लेऑफ खेळून तिसरी जागा ठरवत. वरच्या पंधरांतल्या दहा थेट जागांपैकी नऊ पॅराशूटवाल्यांनी घेतल्या. एकटं इप्सविच तेवढं २०२४ मध्ये मधे घुसलं, तेही तिसऱ्या श्रेणीतून लागोपाठ दोन बढत्या मिळवून. उलट प्लेऑफच्या पाच जागांतल्या चार जागा पॅराशूट नसलेल्यांना मिळाल्या: ब्रेंटफर्ड, फॉरेस्ट, लूटन, संडरलंड. कारण उघड आहे. ४६ सामन्यांच्या मोसमात संघाची खोली बोलते. फेब्रुवारीत दोन बचावपटू जायबंदी झाले तर बाकावर तिसरा कोण आहे, यावर गुण ठरतात, आणि बाकावरचा तिसरा पैशाने येतो. प्लेऑफ मात्र तीन सामन्यांचा खेळ, त्यातला शेवटचा वेम्बलीवर. एक कॉर्नर, एक घसरलेला पाय, एक पंच, आणि लूटन प्रीमियर लीगमध्ये. स्पर्धेचं तोंडदेखलं मोकळेपण या एका खिडकीवर टिकून आहे. तीही बंद झाली असती तर हा वाद इतका सौम्य राहिला नसता.

शेफील्ड हॅलम विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये दहा मोसमांचा हिशेब मांडून जवळपास हेच सांगितलं होतं, की पॅराशूटवाल्या क्लबांची बढतीची शक्यता इतरांहून कितीतरी जास्त असते आणि आणखी खाली जाण्याची कमी. तरी एक खबरदारी घ्यायला हवी. घसरलेल्या क्लबकडे पैसा नसता तरी त्याच्याकडे चांगले खेळाडू, मोठं मैदान, सरावाची सोय आणि नाव असतंच. वरून आलेला संघ खालच्या श्रेणीत जिंकतो यातलं किती श्रेय हप्त्याचं आणि किती मुळातल्या ताकदीचं, हे सुटं करणं सोपं नाही. शिवाय २०१९ मध्ये वर गेलेल्या तिघांपैकी नॉरिचची मुदत संपलेली होती आणि शेफील्ड युनायटेड तर दोनच वर्षांपूर्वी तिसऱ्या श्रेणीत होतं. दरवर्षी पैसाच जिंकतो असं म्हणता येणार नाही. पण मोठ्या मोसमात तो बहुतेक वेळा जिंकतो, एवढं म्हणायला पुरावा पुरेसा आहे.

हप्त्यांच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही, आणि तो नीट मांडला जात नाही म्हणून इथे थोडं थांबतो. फुटबॉलपटूचा करार चार-पाच वर्षांचा असतो. क्लब जुलैत तो करतो, मे महिन्यात घसरतो, आणि उत्पन्न दहा कोटी पौंडांवरून एका रात्रीत कोसळतं. पगार मात्र करारात लिहिलेलाच राहतो. घसरल्यास पगार कमी होईल असं कलम अनेक करारांत असतं, पण सगळ्यांत नसतं, आणि चांगला खेळाडू ते मान्य करतोच असं नाही. लेस्टरचं उदाहरण घ्या. २०२२-२३ मध्ये त्यांचा पगारखर्च २० कोटी पौंडांच्या वर होता, आणि त्याच मोसमात ते घसरले. जेम्स मॅडिसन टॉटनमला आणि हार्वी बार्न्स न्यूकासलला विकूनसुद्धा हा डोलारा एका उन्हाळ्यात आवरणारा नव्हता. पॅराशूट नसतं तर घसरणाऱ्या काही क्लबांवर दिवाळखोरीची वेळ आली असती, असं या सोयीच्या बाजूचे सांगतात. दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. घसरल्यावर काहीच मिळणार नसेल तर नुकताच वर आलेला क्लब खेळाडूंवर खर्च करायला धजणारच नाही, आणि प्रीमियर लीगचा तळ आणखी दुबळा होईल.

या दुसऱ्या मुद्द्याची परीक्षा गेल्या काही मोसमांत झाली, आणि तो त्यात फारसा टिकला नाही. २०२३-२४ मध्ये वर आलेले तिन्ही क्लब परत खाली गेले. २०२४-२५ मध्येही तेच, लागोपाठ दुसऱ्यांदा. साउदॅम्प्टनने अख्ख्या मोसमात १२ गुण मिळवले, डर्बीच्या २००७-०८ मधल्या ११ गुणांच्या नीचांकापेक्षा फक्त एक जास्त. घसरलो तर पॅराशूट मिळणार, ही हमी सगळ्यांना होती. धाडस करायला ते पुरलं नाही, कारण वरच्या क्लबांशी असलेली दरी आता एका उन्हाळ्याच्या खरेदीने भरून निघत नाही. मधल्या मधे काही क्लबांची ये-जा मात्र पक्की झाली. नॉरिच २०१९ ला वर, २०२० ला खाली, २०२१ ला वर, २०२२ ला खाली. फुलम २०१८ ते २०२२ मध्ये तीनदा चढलं आणि दोनदा उतरलं. हे क्लब वरच्यांसाठी कमजोर आणि खालच्यांसाठी भारी, आणि दोन्हीकडे त्यांचं पोट भरतं.

खरं नुकसान कुणाचं होतं, हे पाहायला पॅराशूट नसलेल्यांकडे वळायला हवं. त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. एक ब्रेंटफर्डची: खेळाडू स्वस्तात हेरा, घडवा, महागात विका, आकडेवारीवर भिस्त ठेवा आणि वर्षानुवर्षं वाट पाहा. १९४७ नंतर पहिल्यांदा २०२१ मध्ये ब्रेंटफर्ड सर्वोच्च श्रेणीत पोचलं. ही वाट कौतुकाची आहे, पण दहा-बारा मालकांना एकाच वेळी ती जमण्यासारखी नाही. दुसरी वाट ऋण काढून सण करण्याची. डिलॉइटच्या हिशेबाने २०१८-१९ मध्ये चॅम्पियनशिप क्लबांचा एकूण पगारखर्च त्यांच्या एकूण उत्पन्नाच्या १०७ टक्के होता. मालकाच्या खिशातून पैसे यायचे थांबले की हा गाडा थांबतो. डर्बी काउंटीने आपलं प्राइड पार्क मैदान मालकाच्याच कंपनीला सुमारे ८ कोटी पौंडांना विकून तोटा नियमात बसवला. २०२१ च्या सप्टेंबरात तो डाव फसला आणि क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. २१ गुण कापले गेले. त्या मोसमात मैदानावर त्यांनी ५५ गुण मिळवले होते, वाचायला ते भरपूर होते. कापल्यावर ३४ उरले आणि क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. शेफील्ड वेन्सडेनेही हिल्सबरो मैदान मालकाकडे फिरवलं होतं, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तेही प्रशासकाकडे गेलं. या क्लबांना मालकांनी बुडवलं, यात शंका नाही. पण साडेचार कोटींच्या शेजाऱ्याशी ५० लाखांत बरोबरी करायची तर जुगारच खेळावा लागतो, ही परिस्थिती मालकांनी निर्माण केलेली नाही.

आणि बक्षीसही असं की कुणाचीही बुद्धी फिरावी. २०२४ च्या प्लेऑफ फायनलची किंमत डिलॉइटने किमान १४ कोटी पौंड काढली होती. लगेच खाली आलात तरी मिळणारे हप्ते त्यात धरूनच. म्हणजे पॅराशूट हे आता घसरणाऱ्याचं संरक्षण तर आहेच, वर चढू पाहणाऱ्याला दाखवलेलं आमिषही आहे.

पैसा असूनही मातेरं करणारे असतातच, आणि ब्लॅकबर्न एकटं नाही. संडरलंड २०१७ ला प्रीमियर लीगमधून आणि २०१८ ला चॅम्पियनशिपमधून, सलग दोनदा घसरलं. लूटन २०२४ आणि २०२५ असं लागोपाठ घसरलं, शेवटच्या दिवशी वेस्ट ब्रॉमकडून ५-३ ने हरून. अशा वेळी मला पॅराशूटच्या समर्थकांची बाजू जास्तच पोकळ वाटते. सोय जर पडणाऱ्याला सावरण्यासाठी होती, तर ती इथे सावरू शकली नाही. आणि ज्यांना तिने थेट वर फेकलं, त्यांच्यासाठी ती मुळात नव्हतीच.

नियमांच्या फटींचीही एक मासलेवाईक गोष्ट आहे. २०२३ च्या सुमाराच्या नियमाने प्रीमियर लीगमध्ये क्लबला तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोटा चालायचा, चॅम्पियनशिपमध्ये ३.९ कोटी. २०२३ मध्ये घसरलेल्या लेस्टरवर प्रीमियर लीगने मर्यादा ओलांडल्याचा ठपका ठेवला. २०२४ च्या सप्टेंबरात अपिलात लेस्टर सुटलं. क्लबचं हिशेबी वर्ष ३० जूनला संपलं तेव्हा तो प्रीमियर लीगचा सदस्यच उरला नव्हता, म्हणून लीगला कारवाईचा अधिकार नाही, असा निवाडा झाला. दोन घरांच्या मधल्या बोळात उभं राहून दोन्हीकडचा कायदा चुकवावा, तसं हे झालं. तोपर्यंत लेस्टर ९७ गुणांनी चॅम्पियनशिप जिंकून वर पोचलंही होतं.

इतर देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळला आहे. इटलीत सेरी आ मधून घसरणाऱ्याला किती वर्षं वर काढली यावर रक्कम ठरते: एक कोटी, दीड कोटी किंवा अडीच कोटी युरो. जुना भाडेकरू जास्त नुकसानभरपाईला पात्र, असा त्यामागचा विचार. त्यात तर्क आहे, कारण जास्त वर्षं वर राहिलेल्या क्लबचे करारही जास्त जड असतात. स्पेनने २०१५ च्या सरकारी आदेशाने टीव्ही हक्क एकत्र विकायला लावले आणि त्या उत्पन्नातले साडेतीन टक्के घसरणाऱ्यांसाठी बाजूला काढले. जर्मनीत वेगळं पॅराशूट नाही. तिथे दोन्ही श्रेणींच्या टीव्ही पैशांच्या वाटपात मागच्या पाच वर्षांची कामगिरी धरली जाते, त्यामुळे खाली आलेला क्लब आपली जुनी पुण्याई काही काळ सोबत आणतो आणि ती हळूहळू झिजते. २०१८ मध्ये इतिहासात पहिल्यांदा घसरलेल्या हॅम्बर्गला परत यायला २०२५ उजाडलं. मोठं नाव, मोठं मैदान, तरी सात वर्षं. इंग्लंडमध्ये असं घडलं असतं तर पहिल्या तीन वर्षांनंतर हॅम्बर्गही बाकीच्या रांगेत येऊन उभं राहिलं असतं. फरक एवढाच की इंग्लंडमध्ये तीन वर्षं भरधाव असतात आणि नंतर रस्ताच संपतो.

आणि ज्यांना हा सगळा घोळच नको, ते रेलिगेशनच, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरणंच, काढून टाकतात. अमेरिकेत तसं आहे, आणि आपल्याकडे इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०१४ पासून तशीच चालली. २०२३ पासून आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगचा विजेता वर यायला लागला, पहिला मान पंजाबच्या क्लबचा. खाली मात्र कुणी जात नव्हतं. याची किंमत गोव्याने मोजली. आय-लीग दुसऱ्या श्रेणीची होणार अशी योजना पुढे आली तेव्हा २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. मैदानावर न हरता पायरी घसरणाऱ्याला कुठलंच पॅराशूट नसतं. इंग्लंडमधले लोक आपल्या व्यवस्थेला कितीही शिव्या देवोत, खालून वर येण्याचा रस्ता तिथे निदान कागदावर तरी खुला आहे, आणि लूटनसारखे क्लब तो कधी कधी मैदानावरही खुला करून दाखवतात.

इंग्लंडमधला वाद आता सरकारच्या दारात पोचला आहे. चॅम्पियनशिप आणि तिच्या खालच्या श्रेणी चालवणाऱ्या ईएफएलचे अध्यक्ष रिक पॅरी पॅराशूटवर उघड तुटून पडतात. हे पॅरी १९९२ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर लीगचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी होते, त्यामुळे त्यांच्या विरोधाला वेगळी धार येते. २०२० मध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडने पुढे केलेल्या ‘प्रोजेक्ट बिग पिक्चर’मध्ये पॅराशूट रद्द करून २५ टक्के उत्पन्न खालच्या श्रेणींना द्यायची कल्पना होती. बदल्यात मोठ्या क्लबांना निर्णयाची सूत्रं हवी होती. आयजीच्या जिवावर बायजी उदार, अशातलाच तो प्रकार, आणि बाकीच्यांनी तो ओळखून फेटाळला. २०२४ मध्ये खालच्या श्रेणींना जास्त पैसा देण्याच्या वाटाघाटीही फिसकटल्या. शेवटी २०२५ च्या जुलैत फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. दोन लीगमध्ये वाटपावर एकमत झालंच नाही तर हा नियामक तोडगा लादू शकतो. आधीच्या सरकारच्या मसुद्यात पॅराशूटला या अधिकारातून वगळलं होतं. नंतरच्या सरकारने ते आत आणलं, आणि प्रीमियर लीगचा खरा राग त्यावर आहे.

माझं मत विचाराल तर पॅराशूट एका फटक्यात बंद करू नये. जुलैत केलेला करार जूनमध्ये फाडता येत नाही, ही अडचण खरी आहे. पण मग पैसेही त्या अडचणीपुरतेच द्यावेत: घसरण्याआधी सही झालेल्या करारांचा पगार, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत, आणि घसरल्यास पगारकपातीचं कलम प्रत्येक नव्या करारात सक्तीचं. उरलेली रक्कम चॅम्पियनशिपच्या सगळ्या क्लबांत वाटावी. याला पळवाटा निघतील, क्लब मुद्दाम लांब करार करतील, हे मान्य. तरी आज नवा स्ट्रायकर घ्यायला आणि जुना पगार भागवायला एकच हप्ता चालतो, ती मोकळीक तरी बंद होईल.

हे क्लब आपापसात ठरवतील अशी आशा मला नाही. प्रीमियर लीगमध्ये नियम बदलायला वीसपैकी चौदा मतं लागतात. सात क्लबांनी नकार दिला की ठराव पडतो, आणि दरवर्षी मार्चमध्ये तक्त्याच्या खालच्या सात जागांवर कोण आहे ते पाहिलं की हे सात कोण असतील हे सांगायला फार डोकं लागत नाही.